थाचकाकांचं चित्र आणि माझी अकरा स्टुलं

आजच्या या निरोप समारंभाच्या अध्यक्षा, गल्लीतल्या निम्म्या लोकांना पाढे शिकवलेल्या आदरणीय दिएपबाई. वॉर्डाचे उपाध्यक्ष आणि आजचे प्रमुख पाहुणे माननीय किएमसाहेब. व्यासपीठावर बसलेले ज्येष्ठ नागरिक संघाचे, महिला संघाचे आणि माजी सैनिक संघाचे मान्यवर, ज्यांची नावं मला कागदावर लिहून दिली होती आणि तो कागद मघाशी चहाच्या पातेल्यात पडला. ज्यांच्यासाठी आपण सगळे या गारठ्यात दोन-दोन स्वेटर चढवून जमलो ते आमचे चित्रकार फुंग वान थाच, म्हणजे थाचकाका. आणि समोर बसलेल्या चाळणी गल्लीतल्या माझ्या बंधुभगिनींनो, सगळ्यांना माझा नमस्कार.

मी लुआ. गल्लीच्या तोंडाशी, तेवीस नंबरच्या पिवळ्या भिंतीला टेकून चहाची आणि आल्याच्या गरम पाकातल्या तांदळाच्या गोळ्यांची जी टपरी आहे, ती माझी. टपरी म्हणजे काय, एक शेगडी, दोन पातेली, शेंगदाण्याच्या वड्यांची एक बरणी आणि स्टुलं. स्टुलं किती ते पुढे येईलच, माझं आजचं बोलणं त्याच्यावरच आहे.

मला सात मिनिटं दिली आहेत. माझ्या आधी बोलले ते आमचे न्हावी तोआन, त्यांना पाच दिली होती, त्यांनी बावीस घेतली आणि त्यातली वीस स्वतःच्या खुर्चीवर आणि आरशावर घालवली. तेव्हा माझी सात मिनिटं घड्याळावर कुणी मोजू नयेत.

मी का बोलते आहे, असं पुष्कळांना वाटत असेल. संयोजकांनाही वाटलं. त्यांनी काकांना विचारलं, निरोपाला गल्लीतून कुणी बोलावं? काका म्हणाले, लुआ. संयोजकांचे चेहरे पडले. दिएपबाईंनी मला घरी बोलावून सांगितलं, "लुआ, चार चांगले शब्द बोल आणि खाली बस." ते चार शब्द आधीच सांगून टाकते. थाचकाका चांगला माणूस आहे. झाले चार. आता बाकीचं.

काकांनी चाळीस वर्षं सिनेमाच्या थिएटरांवरचे मोठे फलक रंगवले. एका नटाच्या नाकाला अर्धा डबा रंग लागायचा म्हणतात. निवृत्त झाले आणि तळहाताएवढी पत्र्याची पेटी घेऊन माझ्या स्टुलावर येऊन बसले. त्या पेटीत पाण्यात कालवायचे रंग. त्याला आता बारा हिवाळे झाले. हिवाळेच म्हणायचं, कारण उन्हाळ्यात हा माणूस ब्रशला हात लावत नाही. मी एकदा विचारलं, "का हो काका, उन्हाळ्यात काय डोळे मिटतात तुमचे?"

तर म्हणाले, "उन्हाळ्यात ऊन सगळं आधीच रंगवून टाकतं. माझ्यासाठी काही ठेवत नाही. आता बघ, भिंत, आभाळ आणि रस्ता एकाच पातेल्यातून काढल्यासारखे आहेत. त्यात एखादीनं लाल स्वेटर घातला की माझं काम झालं."

मला त्यातलं काही कळलं नाही. पण दुसऱ्या दिवशी मी लाल स्वेटर घातला. त्यांनी त्या दिवशी समोरचा विजेचा खांब काढला.

आपल्या हानोईची थंडी तुम्हाला मी काय सांगणार. पाऊस म्हणावा तर पडत नाही आणि नाही म्हणावा तर मोजे चार-चार दिवस दोरीवर ओलेच. मग काकांचा कागद कसा वाळेल? तो माझ्या शेगडीवर वाळायचा. रंग लावला की कागद माझ्या हातात. "हातभर लांब धर, तांदळाचा पापड नाही तो." म्हणजे गिऱ्हाईक खोळंबलेलं आणि मी कागद शेकत उभी. ब्रश धुवायचे माझ्याच ग्लासात. मोटारसायकलवर भाडी मारणारा एक जण एकदा तो ग्लास चहा समजून निम्मा पिऊन गेला आणि मला म्हणाला, "मावशी, आज चहा पातळ झालाय."

काकांच्या चित्रांवर खूष कुणीच नव्हतं, हेही आज सांगायला हवं. मघापासून सगळे स्तुती करतायत, पण तेव्हा काय बोलत होतात ते मी ऐकलंय. तोआनची तक्रार अशी की चित्रात त्याच्या खुर्चीवर टकलू गिऱ्हाईक काढलं, म्हणजे लोकांना वाटणार याला काही काम नाही. समोर सूप विकणारी क्वेन, ती बघा तिसऱ्या रांगेत बसून माझ्याकडे डोळे वटारते आहे, ती म्हणाली, "मला पाठमोरीच का काढता दर वेळी?" काका म्हणाले, "कारण तू दर वेळी कुणाच्या तरी दाराला कान लावून असतेस." ती आठवडाभर बोलली नाही. तो आठवडा फार सुखाचा गेला.

आता स्टुलांकडे येते. किएमसाहेब, आपण समोर आहात हे मला दिसतंय. तरी सांगते.

वॉर्डाने फुटपाथवर पांढरी रेषा मारलेली आहे. रेषेच्या आत, भिंतीकडे, आमची परवानगी. बाहेर चालणाऱ्यांची जागा. यंदा नियम कडक झाला. ज्याची वस्तू रेषेबाहेर सापडेल त्याला नोटीस, नोटीस आली की समिती बसणार, आणि समितीच्या मनात आलं तर जागाच जाणार. प्रत्येकाकडून लिहून घेतलं. मी चौथीतून उठवलेली बाई, पण सही येते मला. मी लिहून दिलं, स्टुलं चार.

मला सांगा, चार स्टुलांवर टपरी चालते का? थंडीत सकाळी सातला माणसं येतात ती काय एकमेकांच्या मांडीवर बसतील? स्टुलं माझी अकरा आहेत. चार आत, सात बाहेर.

मग इतके दिवस भागलं कसं? तर वॉर्डाची गाडी कोपऱ्यावर दिसली की तोआन दोन बोटं तोंडात घालून शिट्टी मारतो, दुसऱ्या हातात वस्तरा तसाच. शिट्टी झाली की गिऱ्हाइकं आपापली वाटी घेऊन उभी राहतात, कुणाला सांगावं लागत नाही. स्टुलं एकात एक घालून तेवीस नंबरच्या दाराआड. गाडी जाते. साहेब खिडकीतून बघतात, फुटपाथ स्वच्छ, आणि भिंतीला लागून वीस माणसं वाट्या घेऊन उभी, जणू कुणाच्या लग्नाला आलीयेत. गाडी वळली की पुन्हा मांडामांड. साहेब, हे आपल्याला माहीत आहे. आपल्याला माहीत आहे हे आम्हाला माहीत आहे. त्याच्यावर तर गल्ली चालते.

यात हाल व्हायचे ते काकांचे. गाडी येऊन गेली की निळ्या स्टुलावरच्या म्हातारीच्या जागी लाल स्टुलावर पोस्टमन. काका कुरकुरायचे, "लुआ, माझी माणसं पळवू नकोस गं."

गेल्या महिन्यात कळलं की काका चालले. मुलगी दक्षिणेत कांथोला असते, तिथे माणसं स्वेटर फक्त टीव्हीत बघतात. काकांचे गुडघे आपल्या गारठ्याला कंटाळलेत. नव्या वर्षाचा तेतचा सण मुलीकडे करायचा आणि मग तिथेच राहायचं, असं ठरलं. किएमसाहेब स्वतः आले, माझ्याच स्टुलावर बसले, रेषेच्या आतल्या, आणि म्हणाले, "काका, जाण्याआधी आपल्या गल्लीची थंडीतली सकाळ मोठ्या कागदावर काढून द्या. सभागृहात लावू. पुढच्या लोकांनी बघायला हवी."

काका म्हणाले, "आहे तशी काढीन."

साहेब म्हणाले, "तशीच हवी."

मी इतकी खूष झाले की साहेबांच्या वाटीत आलं जास्त घातलं. त्या दोन वाक्यांत माझी टपरी बुडणार आहे हे माझ्या डोक्यात आलं नाही.

ते नवव्या दिवशी आलं. कागद शेकायला हातात घेतला आणि बघते तर काय, माझी भिंत, माझी शेगडी आणि पुढे स्टुलंच स्टुलं. पांढरी रेषासुद्धा काढलेली, ठळक.

मी म्हटलं, "काका, हे काय?"

"तुझी स्टुलं."

"किती?"

"आहेत तेवढी."

"चार करा."

"अकरा आहेत."

"किती आहेत ते मला शिकवू नका, रोज मी मांडते. चित्र लागणार कुठे? सभागृहात. तिथे बसणार कोण? समिती. म्हणजे माझ्या विरुद्धचा पुरावा फ्रेम करून भिंतीवर. सात पुसा."

"पाण्याच्या रंगात पुसणं नसतं."

"मग वर पांढरा फासा."

"पांढरा माझ्या पेटीत नाहीच. चित्रात पांढरं दिसतं तो कागद असतो. जिथे मी हात लावला नाही, ते पांढरं."

"मग माझ्या स्टुलांनाच तेवढा हात लावायची काय गरज होती?"

काका हसले. मी हसत नव्हते. म्हणाले, "लुआ, अकरा काढली तर ती तुझी टपरी. चार काढली तर कुणाचीही."

आता ऐकायला छान वाटतं हो. पण तेवीस वर्षं बसते आहे मी त्या भिंतीशी. दोन पोरींची शिक्षणं तिथे झाली, नवऱ्याची औषधं तिथून आली. या वयात मला दुसरी भिंत कोण देणार? चित्रासाठी टपरी घालवायची का? तुम्ही घालवाल? क्वेन, तू घालवशील? ती मान हलवते आहे. बघा.

काका तोआनकडे दाढी करायला गेले. कागद माझ्या पातेल्याशेजारी. मी दिवसाला दोनशे ग्लास पुसते. कसलाही डाग माझ्या फडक्यापुढे टिकत नाही. मला वाटलं, पाण्याचा रंग आहे, पाण्याने आला तसा पाण्याने जाईल. फडकं गरम पाण्यात बुडवलं, पिळलं आणि रेषेबाहेरची सात स्टुलं पुसून काढली.

सात गेली. त्यांच्याबरोबर आतली चारही गेली. शेगडी गेली, मी गेले, निम्मी भिंत गेली. लाल, निळा, पिवळा सगळे एकमेकांत मिसळून पातेलं विसळल्यावर मोरीत वाहतं तसलं पाणी झालं. कागदाची सालं निघाली. मी घाबरून आणखी पुसलं. ते करायला नको होतं.

काका गालाला साबण तसाच घेऊन परत आले, कारण तोआनने आरशातून मला बघितलं होतं. उभे राहिले. बघितलं. ते ओरडले असते तर मी दुप्पट ओरडले असते, तयारीतच होते मी. काका एवढंच म्हणाले, "पाणी कमी घ्यायला हवं होतंस."

पेटी मिटली, कागद उचलला आणि रस्ता ओलांडून क्वेनच्या सुपाच्या गाड्याशी जाऊन बसले.

बारा हिवाळ्यांत पहिल्यांदा. सगळी गल्ली बघत होती. क्वेनला तर सणाआधीच सण आला. तिथून ओरडून म्हणते, "अगं लुआ, तुझे पाहुणे माझ्याकडे उतरलेत."

मी म्हटलं, "सांभाळ, सुपात ब्रश बुडवतील."

बुडवला त्यांनी. तिसऱ्या दिवशी.

काकांनी नवा कागद घेतला होता. आणि हे ऐका, क्वेनच्या गाड्याशी बसलं की माझी टपरी ताटात वाढल्यासारखी दिसते, अक्षरशः समोर. म्हणजे माझं पुसणंही फुकट गेलं. मी क्वेनला विचारलं, आणि मला तिला विचारावं लागलं यातच माझी शिक्षा आली, "किती काढलीत गं?"

"एकही नाही."

"एकही नाही म्हणजे?"

"म्हणजे तू उचलतेस, मांडतेस, उचलतेस. सणाचे दिवस, गाडी दिवसातून तीनदा येते. म्हातारा बघून बघून मांडणी डोक्यात बसवतो आणि तोआन शिट्टी मारतो. त्यात हात गारठलेत त्यांचे. बाकी सगळं झालंय. तोआनचा आरसा झाला, माझं पातेलं झालं, स्कूटरवर छोट्या संत्र्यांचं झाड बांधून नेणारा झाला, पीचच्या फांद्या विकणारी झाली. मला तोंडाकडून काढलंय या वेळी. फक्त तुझ्या भिंतीशी पांढरं आहे. तसंच ठेवतील बहुतेक. तुला तेच हवं होतं ना?"

हो, तेच हवं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. मी पाकात आलं घालायचं विसरले त्या दिवशी आणि लोकांनी गुळाच्या पाण्यातले गोळे खाल्ले. सगळी गल्ली त्या कागदावर असणार, क्वेनसुद्धा तोंडाकडून, आणि माझ्या जागी पांढरं. पांढरं म्हणजे जिथे हात लावला नाही.

तोआन म्हणाला, "काकांचं तिकीट रविवारचं आहे. कागद या हवेत वाळायला दोन-तीन दिवस घेतो, वर फ्रेमवाला. उद्या मंगळवार. उद्या झालं तर झालं."

मंगळवारी सकाळी मी स्टुलं मांडली. अकरा. माणसं बसली. समोर काका हातावर फुंकर घालत होते. त्यांनी ब्रश उचलला. दहा मिनिटं झाली नसतील, तोआनची शिट्टी.

गिऱ्हाइकं सवयीने उठायला लागली. मी म्हटलं, "बसा."

पोस्टमन म्हणाला, "मावशी, शिट्टी झाली."

"मला कान आहेत. बसा म्हटलं ना. गोळे गार होतायत."

तोआन तिकडून, "लुआ, उचल की, झोपलीस का?" मी त्याच्याकडे पाठ केली.  दोन्ही पोरी डोळ्यांपुढे आल्या. पण मी पळी घेऊन शेगडीशी उभी राहिले, ज्या बाजूने काकांना दिसेन त्या बाजूने.

गाडी थांबली. किएमसाहेब उतरले. थेट माझ्यापुढे येऊन उभे राहिले, हातात वही. म्हणाले, "लुआताई, हे काय?"

"स्टुलं."

"किती लिहून दिली होतीत?"

"चार."

"मग ही?"

"अकरा. साहेब, आज मी उचलत नाही. लिहा काय लिहायचं ते."

साहेबांनी वही उघडली. आणि तेवढ्यात रस्त्याच्या पलीकडून, बारा वर्षांत कधी आवाज न चढवलेला माणूस ओरडला, "अहो साहेब, खाली बसा. शेगडी दिसत नाहीये."

साहेबांनी मागे वळून बघितलं. काका ब्रश हलवत होते, बसा, बसा. आता ते वॉर्डाचे उपाध्यक्ष, ते काही ऐकायला बांधलेले नव्हते. पण चित्र त्यांनीच मागितलेलं आणि म्हातारा माणूस गारठ्यात ओरडतोय. साहेब खाली बघायला लागले, बसायचं कुठे. एक स्टूल रिकामं होतं. साहेब बसले. मी वाटी भरून हातात दिली, कारण माझ्या स्टुलावर रिकाम्या हाताने कुणी बसत नाही. मग साहेबांनी शिस्तीत, अगदी वीस मिनिटं, न हलता गोळे खाल्ले. मध्ये एकदा त्यांनी कपाळ पुसायला हात वर केला तर काका पुन्हा ओरडले.

खाऊन झाल्यावर साहेबांनी मला नोटीस लिहून दिली. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. त्यांचं काम आहे ते, आणि त्यांनी ते केलं नसतं तर माझ्या मनातून उतरले असते. नोटिशीत लिहिलंय, स्टुलं अकरा, सुनावणी सोमवारी.

गाडी गेली आणि काका उठले. पेटी काखेत, कागद दोन्ही हातांवर आडवा धरून, स्कूटरवाल्यांना थांबवत रस्ता ओलांडून माझ्याकडे आले. नेहमीच्या जागी बसले. तो ओला कागद माझ्यापुढे धरला आणि म्हणाले, "शेकून दे."

मी म्हटलं, "माझ्या हातात देताय?"

"तुझ्याच शेगडीवर वाळतो तो. हातभर लांब धर."

मी धरला. या वेळी दीड हात लांब धरला.   त्यांनी चहा मागितला, मी दिला, त्यांनी त्यात ब्रश धुतला.

तो पुसलेला पहिला कागद मी मागून घेतला. घरी लावलाय. थोरली पोर आली होती, म्हणाली, "आई, हा चिखल कशाला लावलायस?" म्हटलं, ती मी आहे.

तर थाचकाका, आता तुमच्याशी. उद्या सकाळी तुमची गाडी. तुम्ही जाताय याचं मला वाईट वाटतं, पण तुमचे गुडघे मी बघितलेत, तेव्हा गेलेलंच बरं. कांथोला थंडी नाही म्हणून रंगवायचं सोडू नका. एखाद्या चहावालीच्या टपरीवर जाऊन बसा. तिला आधीच सांगून ठेवा की तुम्ही स्टुलं मोजून काढता. आणि मी जे केलं त्याची माफी मी अजून मागितलेली नाही, मला ते जमत नाही. ती आज सगळ्यांसमोर मागते. पाणी कमी घ्यायला हवं होतं असं तुम्ही म्हणालात. फडकंच घ्यायला नको होतं.

किएमसाहेब, दोरी अजून ओढू नका, एकच गोष्ट राहिली. चित्र या लाल कापडाखाली आहे आणि इथे हजर असलेल्यांपैकी ते पूर्ण बघितलेले दोघेच, काका आणि मी, कारण मी शेकलं. सोमवारची सुनावणी याच सभागृहात, याच भिंतीसमोर आहे. समितीचे सगळे मान्यवर वर बसलेलेच आहेत. मी तुमच्याकडे काही मागत नाही. मी लिहून दिलं एक आणि मांडलं दुसरं, हे खरं आहे, आणि ते तुम्हाला भिंतीवर दिसेलच. जागा ठेवायची की काढायची, रेषा दोन हात सरकवायची की नाही, ते तुम्ही ठरवा. मोजून ठरवा एवढंच म्हणणं आहे. आणि मोजताना गडबड होईल म्हणून आधीच सांगते. नोटिशीत स्टुलं अकरा आहेत. चित्रात नीट मोजलीत तर दहाच भरतील. काकांनी काही लपवलेलं नाही. अकरावं स्टूल रेषेच्या बाहेर, अगदी पुढे आहे, पण त्याच्यावर करड्या कोटातले एक गृहस्थ वाटी घेऊन बसलेत आणि त्यांच्या कोटाखाली ते पूर्ण झाकलं गेलंय. चेहरा छान आलाय, लगेच ओळखू येतो.

अध्यक्षाबाईंनी मला बोलू दिलं, संयोजकांनी नाइलाजाने का होईना बोलावलं, क्वेनने चार दिवस काकांना गरम सूप पाजलं, आणि तुम्ही सगळे गारठ्यात इतका वेळ बसलात, त्याबद्दल मी मनापासून आभारी आहे. कुणाचं नाव राहिलं असेल, कुणाचं नको तेवढं घेतलं गेलं असेल, शिकलेल्या माणसांसमोर बोलताना जीभ घसरली असेल, तर मोठं मन करून पोटात घाला. साहेब, आता ओढा दोरी.